परदेशातून आलेले बाळ रात्री का जागते?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच आमच्या आळीतल्या एक आजी सात महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या. लेक दोन दिवसांपूर्वीच न्यू जर्सीहून माहेरी आलेली. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगी दोन रात्री टक्क जागी. मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. शेवटी शेजारणीने सांगितले म्हणून पहाटे सर्दीचे औषध अर्धा चमचा दिले. आता हलवली तरी उठत नाही."

बाळाचा श्वास नियमित होता, तरीही संध्याकाळपर्यंत मी तिला डोळ्यांसमोरच ठेवले. दुपारी तिने डोळे उघडले, दूध ओढले, तेव्हा आजींच्या जिवात जीव आला. खरे सांगायचे तर माझ्याही. म्हणूनच हा विषय आज घेतला आहे.

वाचकहो, या बाळाला आजार कसलाच नव्हता. हिवाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजतो तेव्हा तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. बाळ इथे आले, पण त्याच्या शरीरातले घड्याळ तिकडचीच वेळ दाखवत राहिले!

हे घड्याळ म्हणजे मेंदूतला एक अगदी छोटा भाग. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर तो चालतो. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि झोपेची तयारी होते. पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये हे घड्याळ कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे हे घड्याळ नीट बसलेलेच नसते, त्यामुळे तान्ह्याला हा त्रास फारसा जाणवत नाही. मोठ्या बाळाचे घड्याळ मात्र साधारणपणे रोज एखाद्या तासानेच सरकते. म्हणजे आठवडा-दहा दिवस धीर धरायला हवा.

घरच्यांनी काय करावे?

१) सकाळी बाळाला अंगणात किंवा गच्चीत कोवळ्या उजेडात फिरवावे. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

२) दिवसा झोप आली तर झोपू द्यावे, पण दोनेक तासांनी हळुवार उठवावे. जबरदस्तीने जागे ठेवल्यास बाळ जास्तच किरकिरते.

३) रात्री जागे झाल्यास ट्यूबलाइट, टीव्ही, मोबाइल लावू नये. मंद दिव्यात, हळू आवाजात पाजावे, थोपटावे. "जागीच आहे तर खेळवू या" असे म्हणून सारे घर गोळा होऊ नये.

४) रात्री भूक लागणारच, पोटाचेही घड्याळ असते. अंगावरचे दूध मागेल तेव्हा द्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणीही नको. मोठ्या बाळाचा भात, पेज हळूहळू दिवसाच्या वेळेवर आणावी.

५) अंग पुसणे, कपडे बदलणे, अंगाई हा क्रम रोज ठराविक वेळी तसाच ठेवावा. बाळाला उताणे झोपवावे, जवळ उशा-गोधड्यांचा ढीग नको.

६) जावळ, बोरन्हाण, कुलदैवताचे दर्शन पहिला आठवडा पुढे ढकलावे.

७) आईचेही घड्याळ बिघडलेले असते, हे सासर-माहेर दोघांनीही लक्षात ठेवावे. एक-दोन तास बाळाला सांभाळून तिला झोपू द्यावे.

काय करू नये? झोपेसाठी सर्दी-खोकल्याचे औषध देऊ नये. त्याने लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो. अफूचा अंश असलेली बाळगोळी तर जिवावर बेतते. गुटीत जायफळाचे वेढे वाढवणे, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणे, परदेशातून आणलेल्या मेलॅटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देणे, हे सारे टाळावे.

मात्र प्रत्येक रडणे घड्याळाचेच असते असेही नाही. ताप, वारंवार उलट्या किंवा जुलाब, दूध न पिणे, सहा-आठ तास लघवी न होणे, उठवूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

त्या आजी दहाव्या दिवशी पुन्हा आल्या, नुसते सांगायला. "काल नऊला झोपली ती पहाटे पाचलाच उठली." मी म्हटले, "आजी, आता परत गेल्यावर तिकडे पुन्हा हेच होईल. लेकीला आत्ताच सांगून ठेवा." त्या हसून म्हणाल्या, "सांगते. आणि औषधाची ती बाटली मी कधीच फेकून दिली."