पहिला संगणक जुळवितांना प्रोसेसरची निवड

शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. तसें न केल्यास पाया घातल्यावर काम अडतें आणि येणारेजाणारे त्यास हसतात. कापसाचे पैसे हातीं आल्यावर मुलाला संगणक घेऊन देऊं, असें ज्या घरीं ठरतें, त्या घरच्या वडील मंडळींनीं व विद्यार्थ्यांनीं हा दृष्टांत ध्यानांत ठेवावा. तयार संगणक न घेतां एकेक भाग आणून तो घरींच जुळविला, तर ज्ञान वाढतें व गरजेपुरताच खर्च करितां येतो. परंतु पहिला भाग निवडतांना चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक भागास भोंवते. हा पहिला भाग म्हणजे प्रोसेसर होय.

प्रोसेसर हा संगणकांतील सर्व आकडेमोड करणारा भाग आहे. त्याच्या जाहिरातींतील शब्द समजण्यास आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील एखादा जिनिंगचा कारखाना डोळ्यांपुढें आणावा. सरकी वेगळी करणारें एकेक यंत्र म्हणजे एकेक कोर. यंत्राच्या ठोक्यांचा वेग गिगाहर्ट्झमध्यें सांगतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास एक अब्ज ठोके. एकाच यंत्रास दोन मजूर आळीपाळीनें कापूस पुरवूं लागले, म्हणजे तें रिकामें फिरत नाहीं. हेच दोन थ्रेड. कारखान्याचें आंगण लहान असेल, तर कितीही यंत्रें बसविलीं तरी तीं कापसाची वाट पाहत थांबतील. तें आंगण म्हणजे रॅम. म्हणून सगळा पैसा यंत्रांवर ओतून आंगण अपुरें ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरी गोष्ट नांवाची. इंटेलचा "आय५" हा "आय३" पेक्षां नेहमींच मोठा, अशी समजूत सर्वत्र आढळते; ती एकाच पिढीपुरती खरी आहे. २०११ सालच्या कोअर आय५-२४०० मध्यें चार कोर व चारच थ्रेड आहेत. २०२२ सालच्या कोअर आय३-१२१०० मध्यें चार कोर व आठ थ्रेड असून, घडण नवी असल्यामुळें प्रत्येक ठोक्यास होणारें कामही पुष्कळ अधिक आहे. जुन्या बाजारांत पहिला स्वस्त मिळतो खरा. परंतु विंडोज ११ साठीं इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्यांना लिनक्स वापरावयाचें आहे, त्यांनींच अशा जुन्या मालाचा विचार करावा.

तिसरी गोष्ट आम्ही पैसे मोजून शिकलों. पहिला संगणक जुळवितांना थोडे रुपये वांचतात म्हणून आम्हीं आय३-१२१००एफ आणला. सायंकाळीं सर्व भाग जोडले; पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. दोन दिवस तारा काढण्याघालण्यांत गेले. चूक तारांची नव्हती. नांवाच्या शेवटीं असलेल्या "एफ" ह्या एका अक्षराकडे आम्हीं दुर्लक्ष केलें होतें. तें अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्यें चित्र उमटविणारा ग्राफिक्सचा भाग उपलब्ध नसतो. त्यास वेगळें कार्ड लागतें. डबी उघडली गेल्यामुळें माल परत झाला नाहीं, आणि एस. एस. डी. साठीं ठेवलेले पैसे जुन्या कार्डांत गेले. घरच्यांनीं कांहीं बोलून दाखविलें नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें. एएमडीच्या मालांतही असाच भेद आहे. रायझन ५ ५६००जी मध्यें ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्यें नाहीं. अक्षर शेवटचें असलें, तरी तें आधीं वाचावें.

चौथी गोष्ट सॉकेटची. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी अनेक आजोबांच्या स्मरणांत असेल. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर ब्रॉडगेजचें १,६७६ मिलिमीटर. तिचें एंजिन कितीही उत्तम असतें, तरी तें ब्रॉडगेजवर चाललें नसतें. प्रोसेसर व मदरबोर्ड यांचें नातें असेंच आहे. आय३-१२१०० ला एलजीए १७०० सॉकेट लागतें, ५६००जी ला एएम४. शिवाय एएम४ चा जुना बोर्ड घेतल्यास त्याचें बायॉस ५६००जी ओळखण्याइतकें नवें आहे कीं नाहीं, हें दुकानांतच विचारून घ्यावें.

आतां निवड कशी करावी? अभ्यास, मराठी टंकलेखन, हिशेब व प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे एवढेंच काम असेल, तर "एफ" नसलेला आय३-१२१०० पुरेसा आहे. चित्रफितींचें संपादनही शिकावयाचें असेल, तर सहा कोर व बारा थ्रेडचा ५६००जी अधिक उपयोगी पडेल. त्याचें ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा घेतें; म्हणून सोळा जीबीची एक पट्टी बसविण्यापेक्षां आठ-आठ जीबीच्या दोन बसवाव्या, म्हणजे दोन्ही वाटांनीं माल येतो. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. यास्तव डबीबरोबर मिळणारा पंखा धुळीपासून जपावा व पेटी भिंतीस चिकटवून ठेवूं नये. वीज अवचित जाते, तेव्हां यू. पी. एस. साठींही पैसे राखून ठेवावे.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें वडिलांशेजारीं बसून एका कागदावर चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं: काम कोणतें? ग्राफिक्स आंत आहे काय? सॉकेट कोणतें? आणि हा प्रोसेसर घेतल्यावर रॅम, एस. एस. डी. व यू. पी. एस. यांस किती उरतें? चौथ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक नसेल, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरणारास रात्रीं झोंप चांगली लागते. घरच्यांनीं विश्वासानें हातीं दिलेल्या रुपयांचा हिशेब असा आधींच मांडला, तर संगणक सुरू होण्यापूर्वींच त्याचा पहिला धडा शिकून झाला असें म्हणतां येईल.