ब्रिजजवळचा पिकअप निवडताना

चि. भाच्यास,

इलेक्ट्रिक गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती अत्यंत बारीक तांब्याच्या तारेची केलेली एकच गुंडाळी होय. तिच्यावरची गिटारची पोलादी तार कंप पावली की गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो, आणि वेढे जितके अधिक तितका हा दाबही अधिक असतो. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपला सुमारे आठ हजार वेढे असत. ‘हाय-आउटपुट’ म्हणून विकले जाणारे पिकअप हे वेढे वाढवून, जोरकस चुंबक वापरून किंवा चुंबकाच्या कांड्या जाड करून घडवलेले असतात. पिकअप-निर्माते सेमूर डंकन यांच्या ‘क्वार्टर पाउंड’ पिकअपमध्ये त्या सव्वासहा मिलिमीटरहून किंचित जाड आहेत, तर नेहमीच्या पिकअपमध्ये पावणेपाचच्या आसपास.

वेढे वाढले की त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात ‘इंडक्टन्स’, म्हणजे प्रवाहातील बदलाला गुंडाळीकडून होणारा विरोध, वाढतो आणि खरी किंमत येथेच मोजावी लागते. पाच मीटरच्या केबलसह साध्या पिकअपचा नाद चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक उजळतो. इंडक्टन्स दुप्पट झाला की तोच उजाळा तीन हजारांच्या खाली उतरतो, मधला भाग भरदार होतो, आणि ज्या काचेरी स्वच्छतेसाठी ही गिटार घेतली ती ओसरते. केवळ मोठा आवाज हवा असेल तर तो अँप्लिफायरच्या खुंटीवर मिळतो. त्यासाठी पिकअप बदलणे हा अपव्यय ठरेल.

विक्रेते पिकअपचा जोर किलोओहममध्ये, म्हणजे गुंडाळीच्या तारेच्या विद्युतरोधावर सांगतात, पण ते माप फसवे आहे. ४२ क्रमांकाऐवजी त्याहून बारीक ४३ क्रमांकाची तार वापरली, तर तितक्याच वेढ्यांत रोध सुमारे पाव भागाने वाढतो, जोर मात्र वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानासोबत बदलतो, त्यामुळे पावसाळ्यात २५ अंशांना मोजलेला पिकअप एप्रिलच्या ४० अंशांत जवळजवळ सहा टक्क्यांनी ‘जोरदार’ दिसेल. म्हणून चिरंजिवाने इंडक्टन्सचा आकडा विचारावा, आणि तो मिळत नसेल तर पिकअप ऐकूनच घ्यावा.

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून वाढलेल्या मारुंजीतील चिरंजिवाच्या खोलीत संगणक, अ‍ॅडॉप्टर आणि इन्व्हर्टर गिटारच्या हातभर अंतरावर असतात, आणि ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची घरघर पिकअप तारेच्या कंपनांइतक्याच निष्ठेने उचलतो. वेढे वाढवले की तीही वाढते. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवल्याने उपकरणांची करकर कमी होते, परंतु ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी घरघर त्या पट्टीला जुमानत नाही. जिथे मधला पिकअप उलट दिशेने गुंडाळलेला व उलट ध्रुवांचा असतो, तिथे तो शेजारच्या पिकअपसोबत वाजवताना ही घरघर एकमेकांत विरते; पण जोडीतील एकाच पिकअपचे वेढे फार वाढवले तर ती पुरती विरत नाही. करकर सदोष अर्थिंगमुळेही होते, तेव्हा पैसे खर्चण्याआधी खोलीतील तीन पिनांच्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. तो वादकाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

गिटारचे तिन्ही पिकअप एकाच वेळी बदलण्याचा मोह मात्र टाळावाच. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या धडावर जिथे टेकतात तिथे, तार कमी हलते, नाद पातळ येतो, म्हणून अधिक वेढ्यांचे खरे स्थान तेथे आहे. गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांनीही आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये जोरकस पिकअप ब्रिजजवळच बसवून घेतला होता. गिब्सन कंपनीचा १९४६ पासूनचा पी-९० पिकअप नादाला सुंदर असला, तरी त्याच्या रुंदीसाठी लाकूड कोरावे लागते आणि कोरलेले लाकूड परत येत नाही. चिरंजिवाने तो मार्ग धरू नये.

प्रथम आहे तोच पिकअप स्क्रूने थोडा वर घेऊन आठवडाभर वाजवून पाहावा. तरीही उणीव जाणवली तर ब्रिजपुरता मध्यम जोराचा पिकअप आणावा, शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्यापासून अडीच ते तीन मिलिमीटर खाली ठेवावा, कारण चुंबक फार जवळ आला की जाड तारा ओढल्या जाऊन स्वर डगमगतो, आणि काढलेला मूळ पिकअप त्याच्या जोडतारा न कापता जपून ठेवावा.

कळावे,
मामा