भूगर्भातील सांडपाणी आणि तान्ही बाळे
कारखान्याचे सांडपाणी कूपनलिकेतून जमिनीत सोडणे, म्हणजे गुजरातेत ज्यास ‘रिव्हर्स बोअरिंग’ म्हणतात ते, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ ने निषिद्ध आहे. अमेरिकेत परवान्याने ते खोल विहिरींत सोडता येते. आपला कायदा अधिक कडक खरा. पण भूगर्भात डोकावणार कोण?

इच्छापोरच्या माता विचारतात, “पाणी उकळले की झाले ना?” उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. (ते आपल्या शोषखड्ड्यांतूनही झिरपते, बरे का!) लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मानकातील मर्यादा. अतिरेकाने तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते, ओठ निळसर पडतात. सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे. पावडरचे दूध अपरिहार्यच असल्यास बोअरचे पाणी प्रथम प्रयोगशाळेत तपासावे.