प्रवासातील छायाचित्रे आणि हार्ड डिस्कचा भरवसा

समजा, एक कुटुंब बारा दिवसांच्या लडाखच्या प्रवासास निघाले आहे. घरातील वृद्ध आजीही बरोबर आहेत. पँगाँग सरोवराच्या काठी त्यांचे छायाचित्र घेतले जाते. एवढा दूरचा प्रवास त्यांच्या हातून पुन्हा घडेलच असे नाही. घरी परतल्यावर छायाचित्रांची डिस्क संगणकास जोडावी आणि संगणकाने ती ओळखूच नये, अशी आपत्ती येऊ शकते. डिस्क नवी आणता येते. तो दिवस मात्र पुन्हा आणता येत नाही. म्हणून अशा उपकरणावर किती आणि कशाच्या आधारे विसंबावे, ह्याचा विचार प्रवासास निघण्यापूर्वीच केला पाहिजे.

तबकडी आणि हवेची उशी

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय द्रव्याचा पातळ थर दिलेली तबकडी वेगाने फिरत असते. तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म क्षेत्रांच्या चुंबकनाची दिशा बदलून माहिती नोंदविली जाते. आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने १९५६ साली ह्या जातीचे पहिले यंत्र पुढे आणले. त्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याचे एक मूळ छायाचित्रही त्यात मावले नसते.

खिशात मावणाऱ्या आजच्या डिस्कमधील तबकडीचा व्यास सुमारे साडेसहा सेंटिमीटर असतो. ती मिनिटाला ५,४०० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर भरतो. माहिती वाचणारे व लिहिणारे शीर्ष तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या उशीवर ते अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. माणसाच्या केसाची जाडी ह्या अंतराच्या हजारो पट असते. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली, तर शीर्ष तबकडीवर आदळून थर खरवडला जाण्याचा धोका का असतो, हे ह्यावरून सहज ध्यानात येईल.

आता लडाखकडे वळू. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. सामान्य हार्ड डिस्कच्या पेटीस गाळणी बसविलेले सूक्ष्म छिद्र असते, त्यामुळे आतील दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो. हवा विरळ झाली की शीर्षास तोलून धरणारी उशीही दुबळी होते. अनेक निर्माते आपल्या तांत्रिक पत्रकात डिस्क चालविण्याची कमाल उंची सुमारे ३,०५० मीटर देतात. लेह ह्या मर्यादेच्या वर आहे आणि पँगाँग तर सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे डिस्क हमखास बिघडेल असे नव्हे; परंतु निर्मात्याने ज्या स्थितीची हमी दिलेली नाही, अशा स्थितीत आपण ती वापरत असतो.

अशा प्रवासात सॉलिड स्टेट ड्राइव्ह अधिक सोयीचा. त्यात फिरणारा भाग नसतो. सिलिकनच्या चकतीवरील सूक्ष्म घटकांत विद्युत्भार कोंडून माहिती साठविली जाते. धक्का आणि विरळ हवा ह्यांचे त्यास फारसे भय नाही. तथापि, त्याचा नियंत्रक बिघडला तर सर्व माहिती एकदम हाताबाहेर जाऊ शकते. शिवाय तो वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिल्यास कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. सारांश, कोणतेही साधन निर्दोष नाही. प्रत्येकाचे दोष मात्र निराळे आहेत.

निघण्यापूर्वीची सिद्धता

प्रथम गरज मोजावी. एका मूळ छायाचित्रास ३० मेगाबाइट लागतात आणि दिवसाला ४०० छायाचित्रे घेतली जातात असे मानले, तर एका दिवसाचे १२ गिगाबाइट आणि बारा दिवसांचे १४४ गिगाबाइट होतात. ५०० गिगाबाइटचे उपकरण पुरून उरेल. एका मोठ्या उपकरणाऐवजी अशी दोन घ्यावीत.

नवे उपकरण आणल्यावर ते घरीच फाइलींनी काठोकाठ भरावे आणि मग त्या सर्व परत वाचून पाहाव्यात. बाजारात काही बनावट उपकरणे खरी क्षमता लपवून मोठा आकडा दाखवितात. ती भरत आली की नवी माहिती जुनीवरच लिहितात. ही फसवणूक ह्या परीक्षेत उघडी पडते.

निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर उपकरण चालावे म्हणून त्यावर बहुधा एक्सफॅट ही मांडणी ठेवतात. अर्धवट राहिलेले लेखन सावरण्यासाठी लागणारी नोंदवही ह्या मांडणीत नसते. यास्तव संगणकास ‘उपकरण काढत आहे’ अशी सूचना दिल्यावाचून तार कधीही उपटू नये.

नक्कल आणि पडताळा

नक्कल पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर दिसला, की आपण निश्चिंत होतो. पण नक्कल मुळाबरहुकूम आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी पडताळा हवा. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे अंकांची एक लांब माळ होय. माळेत १७, ४२ आणि ८ हे अंक असतील तर त्यांची बेरीज ६७ येते. ४२ चे ४३ झाले तर बेरीज ६८ होऊन चूक कळते. परंतु १७ चे १८ आणि ४२ चे ४१ झाले तर बेरीज पुन्हा ६७ च येते आणि चूक निसटते. म्हणून एसएचए-२५६ सारखी अधिक काटेकोर रीत वापरतात. ती कितीही मोठ्या फाइलीपासून ६४ चिन्हांची एक खूण तयार करते. मूळ फाइलीतील एक कण जरी बदलला, तरी खूण संपूर्ण पालटते. मूळ आणि नक्कल ह्यांच्या खुणा जुळल्या, तर नक्कल बिनचूक समजावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नक्कल होताच पडताळा घेतला, तर संगणक पुष्कळदा स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतील माहितीच वाचून दाखवितो. डिस्कची परीक्षा होतच नाही. म्हणून उपकरण रीतसर काढून पुन्हा जोडावे आणि मगच खुणा ताडून पाहाव्यात.

प्रती किती आणि कोठे

केवळ हिशेबाकरिता धरू की प्रवासात एक उपकरण बिघडण्याचा संभव वीसात एक आहे. दोन उपकरणे एकमेकांशी संबंध न ठेवता बिघडत असतील, तर दोन्ही बिघडण्याचा संभव चारशेत एक होतो. तीन असतील तर आठ हजारांत एक. मात्र तिन्ही उपकरणे एकाच पिशवीत ठेवली आणि ती पिशवी बसमध्ये विसरली, तर हा सारा हिशेब कोसळतो. प्रतींची संख्या वाढविण्याइतकेच त्यांना वेगळे ठेवणे महत्त्वाचे आहे.

यास्तव रोज रात्री दोन्ही उपकरणांवर नक्कल करावी आणि पडताळा घ्यावा. एक उपकरण आपल्याजवळ आणि दुसरे सहप्रवाशाच्या सामानात ठेवावे. दोन्ही प्रतींचा पडताळा होईपर्यंत कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड पुसू नये; जादा कार्डे असतील तर ती घरी येईपर्यंत तशीच जपावीत. घरी परतल्यावर एक प्रत दुसऱ्या गावच्या आप्तांकडे द्यावी, म्हणजे आग किंवा पूर ह्यांपासूनही ती सुरक्षित राहील. पुढे वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून खुणा ताडाव्यात आणि जी सदोष ठरेल ती निर्दोष प्रतीवरून नव्याने तयार करावी.

अशी दक्षता घेतलेल्या कुटुंबाची एखादी डिस्क उद्या बंद पडली, तर हानी होईल ती डिस्कच्या किमतीची. आजींचे छायाचित्र दुसऱ्या प्रतीत जसेच्या तसे असेल, आणि ते तेथे आहे हे त्या कुटुंबास पडताळ्याने ठाऊक असेल.