घरांतील छळ व न्यायालयाचा संरक्षण-आदेश
(मंडळींतील अभ्यासवर्गांकरितां पाठ)

आमच्या खेड्यापाड्यांतील एखादी भगिनी घरांत मार खाऊन बाहेर पडली, म्हणजे तिला दोन उपदेश हमखास ऐकावे लागतात. पहिला असा कीं, घरची गोष्ट घरांतच ठेवावी. आणि दुसरा असा कीं, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. हे उपदेश करणारे बहुधा वाईट हेतूनें बोलत नाहींत. परंतु कायदा काय देतो व त्यासाठीं काय मागतो, हें त्यांस ठाऊक नसतें. आणि ऐकणारीसही ठाऊक नसतें. या अज्ञानापायीं कित्येकींचे हातपाय मोडले आहेत व कांहींचे प्राणही गेले आहेत. सबब या पाठांत आम्ही हा विषय साध्या रीतीनें क्रमवार मांडीत आहों.

१. कायदा कोणता व कोणासाठीं

या कायद्याचें नांव "कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण अधिनियम, २००५" असें असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांस सारखाच लागू आहे. ख्रिस्ती भगिनींनीं हें विशेषेंकरून ध्यानांत घ्यावें. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याप्रमाणें केवळ क्रूरतेच्या कारणावरून ख्रिस्ती पत्नीस घटस्फोट मिळत नसे. क्रूरतेबरोबर व्यभिचारही शाबीत करावा लागे. ही अट २००१ सालच्या दुरुस्तीनें गेली. तथापि "सोसण्यावांचून आपल्याला इलाज नाहीं" ही जुनी समजूत अद्याप पुष्कळ घरांत टिकून आहे.

संरक्षण-आदेशासाठीं घटस्फोट मागावा लागत नाहीं. त्याच घरांत राहूनही हा आदेश मागतां येतो. शिवाय हा अर्ज केल्याबरोबर पतीस तुरुंगांत टाकीत नाहींत. "पुन्हां असें करूं नकोस" अशी न्यायालयाची सक्त ताकीद मिळविणें, हा या अर्जाचा मूळ हेतु होय. तुरुंगाचा प्रश्न ती ताकीद मोडल्यावर येतो. आपण नवऱ्यास तुरुंगांत धाडीत आहों या भीतीनें ज्या स्त्रिया गप्प राहतात, त्यांना हा भेद अवश्य समजावून सांगावा.

२. आदेश मिळण्यास लागणाऱ्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, नातें. अर्ज करणारी स्त्रीच असली पाहिजे, आणि जिच्याविरुद्ध किंवा ज्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा त्या व्यक्तीशीं तिचें रक्ताचें, विवाहाचें, विवाहासारखें, दत्तकाचें किंवा एकत्र कुटुंबाचें नातें असलें पाहिजे. म्हणजे पत्नीच नव्हे, तर विधवा भावजय, अविवाहित बहीण, मुलगी, किंवा मुलाचा मार खाणारी वृद्ध आई, या सर्वांस हा मार्ग मोकळा आहे. मूळ कायद्यांत मुख्यत्वेंकरून प्रौढ पुरुषाविरुद्ध अर्ज करण्याची तरतूद होती. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें "प्रौढ पुरुष" हे शब्द रद्द केले, त्यामुळें आतां सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही अर्ज होऊं शकतो.

दुसरी गोष्ट, सामाईक घर. दोघें एका घरांत राहत असावीं, किंवा पूर्वीं केव्हां तरी राहिलेलीं असावीं. तें घर स्त्रीच्या नांवावर असण्याची गरज नाहीं. पतीच्या नांवावरही असण्याची गरज नाहीं. "घर माझ्या नांवावर आहे, सुनेचा येथें कांहीं संबंध नाहीं," असें सासरे सांगत असत, आणि एका जुन्या निकालाचा त्यांना आधारही मिळे. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल चुकीचा ठरविला. सून जर त्या घरांत कुटुंब म्हणून स्थायिक होऊन नांदली असेल, तर तें सासऱ्याच्या मालकीचें असलें तरीही सामाईक घर ठरूं शकतें. पुढें २०२२ सालीं असेंही ठरलें कीं, अर्ज करतेवेळीं ती त्या घरांत प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे असें नाहीं. तेथें राहण्याचा तिचा हक्क असणें पुरे आहे.

तिसरी गोष्ट, हिंसाचार. पुष्कळांची समजूत अशी कीं, रक्त निघाल्याशिवाय कायदा हालत नाहीं. ती समजूत चुकीची आहे. कायद्यानें हिंसाचाराचे चार प्रकार सांगितले आहेत. मारहाण व जिवास किंवा आरोग्यास धोका हा शारीरिक; शरीरसंबंधांतील जुलूम व अप्रतिष्ठा हा लैंगिक; शिवीगाळ, मूल होत नाहीं किंवा मुलगा होत नाहीं म्हणून टोचून बोलणें, जवळच्या माणसास इजा करण्याच्या धमक्या देणें हा शाब्दिक व भावनिक; आणि घरखर्च बंद करणें, तिचें स्त्रीधन विकणें, घराचा वापर करूं न देणें हा आर्थिक. हुंड्यासाठीं केलेला त्रासही यांत येतो. या चारांपैकीं एकही प्रकार घडला असेल, किंवा घडण्याचा संभव असेल, आणि न्यायदंडाधिकाऱ्याची सकृद्दर्शनीं तशी खात्री पटली, तर संरक्षण-आदेश देतां येतो.

३. कोठें जावें व काय लिहावें

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या न्यायालयांत करावयाचा असतो. स्त्री जेथें कायमची किंवा तात्पुरती राहत असेल तेथें, ती जेथें नोकरी करीत असेल तेथें, प्रतिपक्ष जेथें राहतो तेथें, अथवा छळ जेथें घडला तेथें, असा कोठेंही अर्ज चालतो. समजा, एखाद्या भगिनीचें सासर सोलापुराकडे आहे आणि ती जीव वांचवून जालन्याकडे माहेरीं आली आहे. तिनें तारखेगणिक सोलापुराच्या फेऱ्या माराव्या अशी कायद्याची इच्छा नाहीं. तिनें माहेराजवळच्या न्यायालयांत अर्ज करावा. मिळालेला आदेश सर्व भारतभर लागू असतो.

अर्ज ती स्वतः करूं शकते, तिच्या वतीनें दुसरा कोणी करूं शकतो, किंवा संरक्षण अधिकारी करतो. प्रत्येक जिल्ह्यांत असे अधिकारी नेमणें हें राज्य सरकारचें काम आहे. त्यांचा पत्ता महिला व बाल विकास विभागाच्या कार्यालयांत किंवा पोलीस ठाण्यांत मिळतो. हे अधिकारी घटनेचा अहवाल ठराविक नमुन्यांत तयार करितात. असा अहवाल जवळ नाहीं म्हणून अर्ज परत करतां येत नाहीं, हेंही २०२२ सालच्या त्याच निकालानें स्पष्ट झालें आहे. तसेंच "एक वर्ष उलटलें, आतां मुदत गेली" असें कोणी सांगितल्यास मानूं नये. ती मुदत या अर्जास लागू नाहीं असें त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. वकिलाची फी हीही अडचण नाहीं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीं तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयांत अर्ज द्यावा.

अर्जांत "फार छळ करितात" एवढेंच लिहिल्यानें काम भागत नाहीं. केव्हां, कोठें, कोणी, काय केलें व त्या वेळीं कोण हजर होतें, हें एकेका प्रसंगाचें स्वतंत्र लिहावें. नक्की तारीख आठवत नसेल तर "पेरणीच्या दिवसांत", "धाकट्याच्या बारशाच्या आदल्या दिवशीं", अशी खूण लिहावी. दवाखान्याचे कागद, जखमांचीं छायाचित्रें, मोबाईलवरील धमकीचे निरोप, ठाण्यांत दिलेल्या तक्रारीची प्रत, लग्नाचा दाखला, दिलेल्या दागिन्यांची यादी, यांपैकीं जें असेल तें जोडावें. जें नाहीं त्यासाठीं थांबूं नये. मात्र जें घडलें तेंच लिहावें. शपथेवर खोटें सांगणें हा गुन्हा आहे, आणि एका खोट्या ओळीनें दहा खऱ्या ओळींचें वजन कमी होतें.

४. न्यायालय काय करतें

अर्ज मिळाल्यापासून साधारणपणें तीन दिवसांच्या आंत पहिली तारीख ठेवावी, आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकालांत काढण्याचा प्रयत्न करावा, असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत यास अधिक काळ लागतो, हें आम्ही वाचकांपासून लपवीत नाहीं. म्हणूनच पुढील तरतूद महत्त्वाची आहे. धोका तातडीचा असेल तर स्त्रीच्या प्रतिज्ञापत्रावरून, दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकण्यापूर्वींच, न्यायालय तात्पुरता आदेश देऊं शकतें. परंतु तो आपोआप मिळत नाहीं. तो अर्जांत मागावा लागतो, व धोका आजचा कसा आहे हें प्रतिज्ञापत्रांत दाखवावें लागतें. वकिलास हें पहिल्याच भेटींत सांगावें.

संरक्षण-आदेशानें हिंसा करूं नये, दुसऱ्याकडून करवूं नये, तिच्या कामाच्या ठिकाणीं जाऊं नये, फोनवर किंवा कोणत्याही मार्गानें तिच्याशीं संपर्क साधूं नये, स्त्रीधन विकूं नये, अशी मनाई करतां येते. निवास-आदेशानें तिला घराबाहेर काढण्यास मनाई होते. प्रसंगीं त्या पुरुषासच घर सोडण्याचा हुकूम होतो, किंवा तिच्यासाठीं दुसऱ्या घराची अगर भाड्याची सोय करावी लागते. घरांतील स्त्रियांस मात्र घराबाहेर जाण्याचा हुकूम करतां येत नाहीं. याखेरीज औषधोपचाराचा खर्च, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा व नुकसानभरपाई, हींही याच अर्जांत मागतां येतात. आदेशाची प्रत फुकट मिळते. ती एक स्वतःजवळ व एक विश्वासू माणसाजवळ ठेवावी.

आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, आणि केवळ त्या स्त्रीच्या साक्षीवरूनही न्यायालय तो शाबीत धरूं शकतें. आदेश नापसंत असल्यास तीस दिवसांत सत्र न्यायालयांत अपील करतां येतें. हा हक्क दोन्ही पक्षांस आहे.

५. परका मनुष्य पाठलाग करीत असेल तर

वरील कायदा नात्यांतील व घरांतील व्यक्तीपुरता आहे. शाळेच्या वाटेवर मुलीच्या मागें लागणारा गांवगुंड त्यांत येत नाहीं. त्यासाठीं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें ७८ वें कलम आहे. स्त्रीनें स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष वारंवार तिचा पाठलाग करील, संपर्क साधील, तर तो गुन्हा होय; तसेंच इंटरनेटवर तिच्या व्यवहारावर पाळत ठेवणें हाही गुन्हा होय. पहिल्या वेळीं तीन वर्षांपर्यंत व पुन्हां केल्यास पांच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पाठलाग व संपर्क यांबाबत नकार स्पष्ट होता हें दाखवावें लागतें. म्हणून एकदां निक्षून नाहीं म्हणावें, साक्षीदार असल्यास उत्तम, आणि आलेले निरोप पुसून टाकूं नयेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यांत नोंदवितां येते व तिची प्रत फुकट मिळते. शांततेचा भंग होण्याचा संभव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी अशा मनुष्याकडून एक वर्षापर्यंत नीट वागण्याचा जामीनकतबा लिहून घेऊं शकतात.

६. पंच, पाळक व शेजारी यांचें काम

कोठें हिंसाचार होत आहे असें वाटण्यास कारण असेल, तर कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास कळवूं शकतो, आणि सद्धेतूनें कळविल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. तेव्हां "आम्ही मध्यें पडलों तर आमच्यावरच खटला होईल" ही सबब कायद्यानें उरूं दिलेली नाहीं.

समेट वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या कायद्याखालील समुपदेशनाचा नियम पाहण्यासारखा आहे: प्रतिपक्षानें पुन्हां हिंसा न करण्याची हमी द्यावी लागते, आणि घडलेल्या मारहाणीचें समर्थन करण्यास त्याला मुभा नसते. आमच्या ओट्यावरील बैठकींत बहुधा याच्या उलट घडतें. हमी कोणी घेत नाहीं, आणि "तिनें उलट उत्तर दिलें म्हणून हात उचलला" हें मात्र सर्वजण शांतपणें ऐकून घेतात. अशा बैठकीनंतर जिला परत पाठविलें, ती कोणत्या घरांत परत गेली याचा जाब पंचांसही आहे. क्षमा करणें हा त्या भगिनीचा अधिकार आहे. तो तिच्याकडून दडपणानें वसूल करणें हें कोणाचेंही काम नव्हे.

धोका त्याच घटकेस असेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. सल्ल्यासाठीं स्त्रियांकरितां १८१ हा क्रमांक आहे. हे दोन अंक प्रत्येक भगिनीस तोंडपाठ असावेत.

चर्चेसाठीं प्रश्न

१. संरक्षण-आदेशासाठीं कोणत्या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात? तिसरीचे चार प्रकार उदाहरणांसह सांगा.
२. घर सासऱ्याच्या नांवावर असल्यास सुनेचा हक्क जातो काय?
३. तातडीचा एकतर्फी आदेश कशावरून मिळतो, व त्यासाठीं काय करावें लागतें?
४. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी व विधी सेवा कार्यालय कोठें आहे? पुढील सभेपूर्वीं दोघांनीं चौकशी करून पत्ता सर्वांस सांगावा.