धडधडीला टेन्शन म्हणू नका

माझ्या थोरल्या भावाला आणि मला एकच आजार आहे, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात आणि नाडीचा ताल पार बिघडतो. दादाचा आजार हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या ईसीजीत सापडला. तोवर त्याला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. भूलतज्ज्ञांनी पट्टी पाहून ऑपरेशन पुढे ढकललं. इको झाला, थायरॉइड तपासलं, रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली आणि गडी मार्गी लागला.

मला मात्र जाणवत होतं आणि भरपूर जाणवत होतं. रात्री ओटा आवरताना छातीत एकदम फडफड सुरू व्हायची, जिना अर्धा चढेपर्यंत दम लागायचा. फडफड थांबली तरी दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसायचं. आधी ॲसिडिटीची गोळी मिळाली. मग ‘पाळी जायच्या सुमारास असं होतंच’ अशी समजूत. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिता लिहिता विचारलं, ‘सुनेशी पटतं ना?’ (पटतं. उत्तम पटतं.) दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची, त्यामुळे ईसीजी स्वच्छ यायचा आणि ‘टेन्शन’वर शिक्कामोर्तब व्हायचं. पण हा आजार सुरुवातीला येतो-जातो. तो नसताना काढलेली पट्टी चांगली येणारच.

शेवटी आमच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरणीने मनगटावर बोटं ठेवली आणि पूर्ण मिनिटभर घड्याळाकडे बघत राहिली. ‘काकू, पुन्हा सुरू झालं की घरी पडून राहू नका. असाल तिथून रिक्षा करा आणि जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे जा.’ पुढच्या वेळी मी मंडईत होते. पिशवी भाजीवालीकडेच ठेवली आणि समोरच्या लॅबमध्ये शिरले. पट्टीवर ठोके दीडशेच्या घरात होते, कुठे दोन चिकटून, कुठे मध्येच मोठी फट. त्या कागदापुढे सुनेचा विषय कोणी काढला नाही.

दादाची आणि माझी तऱ्हा इतकी वेगळी का, हे मी नंतर हृदयरोगतज्ज्ञांना खोदून खोदून विचारलं. एकाच वयाचे स्त्री-पुरुष घेतले तर हा आजार पुरुषांत जास्त असतो. पण बायका जास्त जगतात. त्यामुळे चाळिशीनंतरच्या उरलेल्या आयुष्यात तो होण्याची शक्यता दोघांनाही साधारण चारात एक, असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रदीर्घ पाहणीतून २००४ साली पुढे आलं. पुरुषांत पाठीमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार जास्त आढळतो, बायकांत रक्तदाब आणि झडपांचे विकार. आपल्याकडे लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप हे मोठं कारण, आणि तीही बायकांतच अधिक सापडते. बायकांना लक्षणंही जास्त छळतात, आणि थकवा, दम, अशक्तपणा अशी कशावरही ढकलता येणारी असतात.

ढकलून भागत नाही, कारण खरी भीती पक्षाघाताची. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या खोबणीत रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. या आजारात तो धोका साधारण पाचपट होतो, आणि अशा रुग्णांत बायकांचा पक्षाघात बरेचदा जास्त जबर असतो. धोका मोजायच्या युरोपीय तक्त्यात २०१० पासून बाई असण्याचा वेगळा एक गुण होता. २०२४ मध्ये तो काढला. दादा लगेच म्हणाला, ‘बघ, आता आपण सारखे.’ तसं नव्हे. आपलं वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका यांवरच गोळीचा निर्णय घ्यावा, बाईपणाचा गुण वेगळा धरायला नको, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा निदान झालं की पहिला प्रश्न हाच विचारा: मला रक्त पातळ ठेवणारी गोळी हवी का? ॲस्पिरिनवर बोळवण होत असेल तर पुन्हा विचारा, तिने हे काम नीट होत नाही.

झडप अरुंद असेल तर मात्र शेजारणीची नवी गोळी मागू नका. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ऱ्हुमॅटिक झडपेच्या रुग्णांना रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीचं जुनं औषधच सरस ठरलं. त्याला रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी आयएनआरची तपासणी चुकवून चालत नाही, आणि पालेभाजी बंद करायची नसते, रोज सारख्या बेताने खायची असते. ताल सांभाळणाऱ्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ सोटालॉलने, जीवघेणी गडबड होण्याचा धोका बायकांत जास्त. ती सुरू झाली की ईसीजी आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं असेल तर टाळू नका. अ‍ॅब्लेशनसाठी (हृदयात नळी घालून ताल बिघडवणारा भाग निकामी करायच्या उपचारासाठी) बायकांना उशिरा पाठवलं जातं, म्हणून तो विषय मी स्वतःच काढला. कोणी सुचवायची वाट बघत बसले असते तर अजून बसलेच असते.

गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. आमच्या वयाच्या बायकांच्या पर्समध्ये ती हमखास असते, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि उपास. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती पुरती अंगी लागत नाही. नवरात्रात नुसत्या चहावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता ती गोळीच्या वेळेला वरीचा भात आणि दाण्याची आमटी पोटभर खाते, आणि देवीची त्याबद्दल अजून काही तक्रार आलेली नाही.