नैराश्याची गोळी परस्पर बंद करू नका



हप्ता थकला तर आपण गटात मोकळेपणाने सांगतो. बीपीची गोळी चालू आहे हेही सांगतो. पण नैराश्याची गोळी चालू असेल तर ती डब्यात लपवून ठेवतो. मग ती बंद केली तरी कुणाला कळत नाही, आणि त्यानंतर होणारा त्रास एकटीनेच सोसावा लागतो. म्हणून आज या विषयावर बोलू.

गोळी मध्येच का सुटते?

बरं वाटू लागतं. पेरणीच्या दिवसांत तालुक्याला जाणं होत नाही. गाडीभाड्याला पैसे नसतात. किंवा घरचे म्हणतात, "सवय लागेल, बंद कर." पण बरं वाटतंय ते बरेचदा गोळीमुळेच. तिचा फरक जाणवायलाच २ ते ४ आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण ६ महिने तरी ती चालू ठेवायला सांगतात.

अचानक बंद केल्यावर काय होतं?

बहुतेक वेळा २ ते ४ दिवसांत त्रास सुरू होतो:

- चक्कर, मळमळ, डोकेदुखी, घाम
- डोक्यात किंवा अंगात करंट लागल्यासारखे झटके
- हातापायांना मुंग्या
- झोप न लागणे, विचित्र स्वप्नं पडणे
- चिडचिड, रडू येणे, जीव घाबरणे

कुणाला काहीच होत नाही, कुणाचा त्रास एक-दोन आठवड्यांत जातो, तर कुणाला काही महिनेही लागतात. हे गोळीवर आणि ती किती दिवस घेतली यावर ठरतं. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन या गोळ्यांनी त्रास जास्त होतो, फ्लुओक्सेटिनने कमी.

हे व्यसन आहे का?

नाही. दारूसारखी या गोळीची तलफ येत नाही. मेंदूला तिची सवय झालेली असते आणि ती सुटायला वेळ लागतो, एवढंच. माळ्यावरून उतरताना आपण उडी मारत नाही, शिडीच्या एकेका पायरीवर पाय ठेवतो. तसंच हे.

मग आजार परत आला का?

गोळी सोडल्यावर काही दिवसांतच, चक्कर आणि झटक्यांसह त्रास सुरू झाला तर तो बहुधा गोळी सोडल्याचा असतो. आजार परततो तेव्हा उदासी हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाढत जाते. नक्की काय आहे ते डॉक्टरच ठरवतील. त्यांना गोळी बंद केल्याची तारीख जरूर सांगा.

काय करायचं?

१. गोळी बंद करायची असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतात.

२. आधीच बंद केली असेल आणि त्रास होत असेल तर लाजू नका, लगेच दाखवा. बरेचदा डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करून ती आणखी हळू कमी करतात. स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका, शेजारणीची तर मुळीच नको.

३. चक्कर येत असेल तोवर विहिरीवर, शिडीवर, दुचाकीवर जाऊ नका. उठताना सावकाश उठा. वेळेवर जेवा, संध्याकाळनंतर चहा टाळा.

४. वहीत रोज एक ओळ लिहा: आज किती गोळी घेतली, काय झालं.

५. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तरी गोळी परस्पर थांबवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

झोपेच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांची सवय लागू शकते, आणि त्या एकदम सोडल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. त्याही विचारूनच सोडा.

गट काय करू शकतो?

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आठवण करून द्या. दवाखान्यात सोबत जा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

एखादी ताई "जगावंसं वाटत नाही" म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा. १४४१६ ला फोन लावा, धोका असेल तर १०८ बोलवा. आणि तिने विश्वासाने सांगितलेलं गावभर करू नका.

बैठकीत चर्चेसाठी

- बीपीची गोळी सांगतो, मग मनाची का लपवतो?
- सोबतीला जायला आपल्या गटातल्या कोणत्या दोघी तयार आहेत?
- गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटाच्या अंतर्गत कर्जातून देता येतील का?